निळा म्हणजे साधा

साहेब हेल्मेट घालूनच डबा खायचे. कॅन्टीनच्या पत्र्याखाली, मे महिन्यात, वीज गेलेली असताना. एखादा नवा कामगार हसला तर भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणायचे, "पडणारी वस्तू जेवायची सुट्टी बघून पडत न्हाई." मग पुन्हा वांग्याची भाजी. हे वाक्य मी सात वर्षांत किती वेळा ऐकलं ते देव जाणे. आधी हसू यायचं, मग कंटाळा यायला लागला, आणि आता त्यांच्या जागेवर बसून तेच वाक्य मी नव्या लोकांना ऐकवतो तेव्हा स्वतःचाच कंटाळा येतो. मी हेल्मेट काढून जेवतो.

आमचा कारखाना लातूरच्या एमआयडीसीत, शेतात फवारायची औषधं बनवणारा. औषध हा आपल्याकडचा शब्द, साहेबांना तो मुळीच खपत नसे. "औषध दवाखान्यात भेटतंय. हे विष हाय. विष म्हणा." मालकांनी एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की निदान गिऱ्हाइकासमोर तरी औषध म्हणत जा. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की साहेब तोंडच उघडायचे नाहीत. विचारलं तर मान हलवायचे.

ते मूळचे नांदेडचे. तिकडच्या कुठल्याशा मोठ्या कारखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे कंत्राटावर सुरक्षा अधिकारी म्हणून आलेले. घर-संसार नांदेडला, इथे एक खोली. शनिवारी संध्याकाळी जायचे आणि सोमवारी सकाळी अर्धापूरच्या केळ्यांची पिशवी घेऊन यायचे. केळी सगळ्यांना, पण आधी हात दाखवायचे. नखं बघितल्याशिवाय केळं मिळत नसे. पन्नाशीचे मिशीवाले ऑपरेटर शाळेतल्यासारखे रांगेत हात पुढे करून उभे राहायचे आणि साहेब एकेकाचं बोट उलटंपालटं करून बघायचे. "जा, परत धुऊन ये. नखातलं विष बायकोच्या पिठात जायचं."

मी तिथे कागदांचा माणूस. कुठल्या खात्याला कुठला फॉर्म जातो, कुठल्या परवान्याची मुदत कधी संपते, कुठलं रजिस्टर कोणत्या शाईने भरलेलं चालतं, हे मला पाठ. साहेबांना कारखाना दिसायचा, मला त्याचे कागद दिसायचे. आमचं पटावं असं काही नव्हतं, पण टेबल एकच होतं.

त्या टेबलावर ते रोज सकाळी हातमोजे तपासत. तोंडाने हवा भरून मोजा फुगवायचा, मनगटाशी पिळून धरायचा आणि कानाला लावून डोळे मिटायचे. कुठे बारीक छिद्र असेल तर हवेचा आवाज येतो म्हणे. एक मोजा, दुसरा मोजा, असे चाळीस जोड. मी तिकडे तिमाही अहवालाशी झटत असायचो आणि शेजारी हा गृहस्थ फुगे फुगवत बसलेला. एकदा न राहवून मी म्हटलं, "साहेब, रजिस्टरला नुसतं 'तपासले' लिहिलं तरी चालतं." त्यांनी मोजा कानापासून दूर न करता विचारलं, "कोणाला चालतं?"

भिंतीवरच्या फलकाची गोष्ट तर सगळ्या एमआयडीसीत झाली. मालकांनी एका सल्लागाराकडून मराठी सूचना करून आणल्या होत्या. 'सदर द्रव्याशी संपर्क आल्यास त्वचेचा दाह संभवतो. दूषित वस्त्रे त्वरित विलग करावीत.' कामगार त्या फलकाखाली तंबाखू मळत उभे राहायचे. साहेबांनी शेजारी स्वतःच्या हाताने पुठ्ठा रंगवून लावला. 'अंगावर सांडलं तर लई आग हुईल. लाजू नको. कपडे काढ. नळाखाली उभा ऱ्हा. मी बस म्हणंपर्यंत हालू नको.'

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तो पुठ्ठा वाचला आणि चष्मा काढला. "हे 'लई' काय आहे? प्रमाण भाषा नको का?"

साहेब म्हणाले, "ज्याच्या अंगावर सांडतंय तो असाच बोलतोय, साहेब."

"आणि हे 'लाजू नको'?"

"एक पोरगं लाजलं होतं," साहेब एवढंच म्हणाले. ते नांदेडच्या जुन्या कारखान्यातलं. मांडीवर सांडलं होतं आणि पलीकडे पॅकिंगला बाया होत्या, म्हणून त्याने पँट काढली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत पँटच काढता येईना.

पण कारखान्यात त्यांचं खरं नाव पडलं होतं ते गिरमिटसाहेब. सुतार लाकडाला भोक पाडायला वापरतात ते गिरमिट, साहेबांच्या झोळीत कायम असायचं. रिकामा झालेला प्रत्येक ड्रम ते त्याने भोसकायचे. एक भोक तळाला, एक पोटात, एक खांद्याशी. तळाला एकच पाडलं तर लोक डांबर लावून बुजवतात, हा त्यांचा अनुभव. नियमही तसाच होता. ड्रम निकामी करायचा आणि परवाना असलेल्या माणसाच्या गाडीत चढवायचा. नियम सगळ्या कारखान्यांना होता, गिरमिट फक्त आमच्याकडे होतं.

लातूरला दोनशे लिटरच्या चांगल्या ड्रमला भोक पाडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून समजायचं नाही. आमच्याकडे नळ दहाव्या दिवशी येतो. उन्हाळ्यात बाराव्या. घरात ड्रम किती यावरून संसार जोखला जातो. रुखवतात मांडला तरी कोणी हसणार नाही अशी ती वस्तू. आणि हा माणूस रोज सकाळी ढोपरं टेकून एकामागून एक ड्रम भोसकत बसायचा. कामगार बघायचे आणि हळहळायचे. कोणीतरी विनवायचं, "साहेब, एवढा एक सोडा. तीनदा धुतला हाय. वासबी न्हाई."

"प्लास्टिक पितंय," साहेब म्हणायचे. "जे भरलं ते पितंय. आन् मग हळूहळू देतंय."

त्यात आमच्या कारखान्याची एक म्हण होती: निळा म्हणजे साधा. पूर्वी विष काळ्या लोखंडी पिंपातून यायचं आणि साबण निळ्या प्लास्टिकच्या ड्रममधून. साबण म्हणजे अंगाचा नव्हे. तेलकट विष पाण्यात मिसळावं म्हणून त्यात एक बुळबुळीत द्रव्य घालतात, त्याला कामगारांनी ठेवलेलं हे नाव. तेव्हा निळा ड्रम म्हणजे साबणाचा, म्हणजे साधा. पुढे माल पाठवणारा बदलला आणि विषही निळ्याच ड्रममधून यायला लागलं. वर कवटीचं लेबल असायचं, पण ड्रम सोड्याच्या पाण्याने घासला की सगळ्यात आधी लेबल निघायचं. ड्रम जितका स्वच्छ, तितका तो कशाचा होता हे कळायचा मार्ग बंद. साहेबांनी दोनदा बैठक घेऊन हे समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. म्हण काही बदलली नाही.

त्या उन्हाळ्यात मी दोन निळे ड्रम बाहेर काढले. गेटपास माझ्याच हातात असायचा, त्यावर डिझेलचे रिकामे ड्रम असं लिहिलं. साहेब नांदेडला गेले होते तो शनिवार मी बघून ठेवला होता. एक ड्रम उदगीरला अक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे पाठवला. तिच्या गल्लीत टँकर आठ दिवसांनी यायचा आणि तिच्याकडे भरून ठेवायला घागरी सोडून काही नव्हतं. दुसरा माझ्या घरी आणला. स्वयंपाकघराच्या दारामागे त्याच्या मापाचीच जागा होती. बायकोने त्याला हळद-कुंकू लावलं.

आठवडाभराने अक्काचा फोन आला. माझा मोबाईल टेबलावर चार्जिंगला होता, मी शेडमध्ये होतो, साहेबांनी उचलला. अक्का कोण बोलतंय हे विचारणाऱ्यातली नव्हे. ती सुरूच झाली, "आरं, ड्रम लई झ्याक हाय बग. जावबाई मागून राहिली. अजून एक भेटंल का?" साहेब म्हणाले, "हाव. सांगतो त्याला." मी परत आलो तर त्यांनी मोजा फुगवणं थांबवलेलं होतं. "उद्या सुट्टी टाक," म्हणाले. "उदगीरला जायचंय."

बसमध्ये ते खिडकीशी बसले, डोक्यावर हेल्मेट, मांडीवर झोळी. रागावले असते तर बरं झालं असतं. मी मनातल्या मनात दहा सबबी तयार केल्या होत्या, एकीलाही गिऱ्हाईक मिळालं नाही.

अक्काच्या दारात त्या सकाळीच टँकर येऊन गेला होता. अंगणात ड्रम काठोकाठ भरलेला, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. भावाचे साहेब आले म्हणून अक्काने चहाचं आधण ठेवलं. साहेब ड्रमपाशी उभे राहिले.

"माय, हे पाणी कशाला घेता?"

"समद्यालाच. प्यायला, स्वैपाकाला. का वो?"

"हे सांडावं लागतंय, माय. माफ कर."

अक्का हसली. तिला वाटलं लातूरच्या साहेबांची काहीतरी थट्टा. साहेबांनी गिरमिट काढलं, ढोपरं टेकली आणि तळाशी पहिलं भोक पाडलं. पाण्याची धार अंगणात पडली तेव्हा अक्काला कळलं. ती ओरडली तशी गल्लीतल्या बाया आल्या आणि घागरी, पातेली, बादल्या घेऊन धारेखाली बसायला लागल्या. तेव्हा साहेबांनी काय करावं? धारेच्या तोंडाशी आडवे झाले, दोन्ही हात पसरले. "भरू नका, माय. ह्याच्यात विष होतं. भरू नका." शर्ट, पँट, सगळं चिंब. एक म्हातारी म्हणाली, "मुडद्या, तुला पाण्याची किंमत न्हाई का रं?" दुसरीने त्यांच्या हेल्मेटवर पातेलं आपटलं. त्यांनी हात खाली घेतले नाहीत. मी दारात उभा होतो. हा माझा साहेब आहे आणि ड्रम मी पाठवलाय, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

ड्रम रिकामा व्हायला बराच वेळ लागला. मग त्यांनी रीतसर पोटात आणि खांद्याशी भोकं पाडली, उठले, आणि बाजारात जाऊन दोन नवे रांजण हातगाडीवर घालून घेऊन आले. अक्का उंबऱ्यावर बसली होती. तिने रांजणांकडे बघितलंही नाही.

"रांजण काय करू? आठ दिसाचं पाणी गेलं माजं. पाणी आना."

साहेब हेल्मेट काढून हातात धरून उभे राहिले. मी त्यांचं टक्कल तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

येताना ड्रम बसमध्ये घातला. कंडक्टर म्हणाला, "काका, भोकं पडल्याला ड्रम कुठं घेऊन निघालाव?" "भोकं पडल्यात म्हणूनच नेतोय," साहेब म्हणाले. आम्ही मागच्या बाकावर बसलो, मध्ये ड्रम. गावाबाहेर पडल्यावर त्यांनी त्या दिवसातला मला पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला.

"अजून कुठं दिलास?"

"न्हाई साहेब. एवढाच."

खोटं बोलायला काही वेळ लागला नाही. वर्षानुवर्षं रजिस्टरं भरून हात बसलेला असतो. साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि "बरं" म्हणाले. विश्वास ठेवला. नखं बघितल्याशिवाय केळं न देणाऱ्या माणसाने माझा शब्द तसाच घेतला.

घरी आलो तर निळा ड्रम दारामागे उभा होता. आदल्या दिवशीच नळ आला होता, त्यामुळे भरलेला. म्हणजे पुढचे अकरा दिवस ते पाणी. मी समोर उभा राहून विचार केला. दोनांपैकी एखादा विषाचा असेल तर तो अक्काकडे गेलेला असेल, आपला साबणाचा. असं का, याला काही आधार नव्हता. दोन्ही निळे होते, दोन्ही मीच घासून घेतले होते. मी बायकोला काही सांगितलं नाही. सांगितलं तर ओतावं लागलं असतं, आणि ओतलं तर भरायचं कुठून? रात्री ताटावर बसलो आणि पाणी प्यालो. आम्हाला कोणाला काही झालं नाही, किंवा झालं असलं तर अजून कळलेलं नाही. दोन वर्षांनी तो ड्रम तडकला तेव्हा टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अपघात-नोंदीचं रजिस्टर माझ्यासमोर ओढलं. मी नजर खाली घातली. माझं नाव, गेटपास, डिझेलचा खोटा शेरा, सगळं येणार होतं आणि नोकरी जाणार होती. त्यांनी लिहिलं: 'निकामी न करता एक ड्रम बाहेर गेला. परत आणून निकामी केला. देखरेख कमी पडली.' खाली सही. देखरेख करणारा कोण हे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "साहेब, हे तुमच्यावर येतंय." ते म्हणाले, "तुझी सर्व्हिस बाकी हाय."

मालकांना निमित्तच हवं होतं. भोकं न पाडलेल्या ड्रमला बाजार असतो, हे काही कोणापासून लपलेलं नव्हतं. सही केलेला कबुलीजबाब आयता हाती आला. महिनाअखेरीला कंत्राट संपत होतं, ते पुन्हा केलं नाही. निरोपसमारंभ झाला नाही. कामगारांनी केळी आणली होती, पण साहेब त्या दिवशी सगळ्यांचे हात बघायचे विसरले.

त्यांच्या जागी कागदोपत्री माझं नाव लागलं, कारण परीक्षेपुरतं एक प्रमाणपत्र माझ्याकडे होतं. नांदेडची गाडी पकडायच्या आधी, ऐन दुपारी, साहेब माझ्या घरी आले. सोबत जुन्या नोंदींची दोन बाडं होती. कोणत्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतो, कोणाला दमा आहे, कोण मोजे न घालता काम करतो, असं सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. ऑटो न करता चालत आले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

ते बसले त्या खुर्चीतून स्वयंपाकघराचं दार सरळ समोर येत होतं. मी उठून ते लोटून घेतलं. बाडांतलं एकेक पान उलटून ते मला समजावत होते आणि मी हूं हूं करत होतो. माझा कान आतल्या भांड्यांकडे होता. कोपऱ्यावरच्या दुकानात जारचं पाणी मिळतं. उठून जाऊन आणणं पाच मिनिटांचं काम होतं. पण का आणलं म्हणून बायकोने विचारलं असतं, आणि साहेबांच्या देखत विचारलं असतं.

बायको पेला घेऊन बाहेर आली. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"चांगलं थंड हाय," म्हणाले. "अजून थोडं द्या, माय."

बायको तेवढ्यात चहाचं दूध बघायला आत वळली होती. तिने मला हाक मारून सांगितलं, तुम्हीच द्या. माझ्या मनात आलं, आत्ता सांगावं. साहेब, हे पाणी पिऊ नका. पाचच शब्द. त्यांनी गिरमिट काढलं असतं, दारामागे गेले असते, फरशीवर पाणी वाहिलं असतं, बायकोने डोक्याला हात लावला असता, आणि सगळं संपलं असतं. मी उठलो, आत गेलो, ड्रममध्ये तांब्या बुडवला आणि त्यांचा पेला पुन्हा काठोकाठ भरला.

त्यांनी तोही संपवला.